एदुआर मिशेलिन

एदुआर मिशेलिन (जन्म : २३ जून १८५९, पॅरिस, मृत्यू : २५ ऑगस्ट १९४०, ऑर्सीन) हे फ्रेंच उद्योजक आणि मिशेलिन या टायर बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक होते. फ्रेंच भाषेत या आडनावाचा उच्चार ‘मिशलँ’च्या जवळ जातो, मराठीत मात्र मिशेलिन हेच रूप रुळले आहे. हवा भरलेल्या टायरचा शोध त्यांनी लावला, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. तो टायर चाकावरून काढता आणि पुन्हा बसवता यावा, आणि हे काम कारखान्यातील कारागिरावाचून खुद्द चालकाला करता यावे, ही त्यांची खरी कामगिरी होय. या स्वरूपाच्या टायरचे पहिले पेटंट त्यांच्या कंपनीने १८९१ मध्ये घेतले. आज मोटारसायकलस्वार आपल्या अंगणात चाक आडवे टाकून टायर लिव्हरच्या साहाय्याने टायर उतरवतो, त्या कामामागील कल्पनेचा उगम ज्या मोजक्या लोकांकडे जातो त्यांत एदुआर मिशेलिन यांची गणना होते. त्यांचे थोरले बंधू आंद्रे मिशेलिन (१८५३–१९३१) हे या उद्योगात आरंभापासून त्यांचे भागीदार होते.

कुटुंब आणि शिक्षण

एदुआर यांचे वडील ज्यूल मिशेलिन हे जकात खात्यात अधिकारी होते आणि उत्कीर्णनकलेतही त्यांना गती होती. आई अदेल ही आरिस्तीद बार्बिए यांची कन्या. बार्बिए यांनी आपले नातलग एदुआर दोब्रे यांच्यासह १८३२ मध्ये मध्य फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ या गावी शेतीची यंत्रे बनवण्याचा कारखाना काढला होता. दोब्रे यांची पत्नी एलिझाबेथ प्यू बार्कर ही रबरी कापडाच्या रेनकोटासाठी प्रसिद्ध असलेले स्कॉटिश रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश यांची भाची. तिने मुलांना खेळण्यासाठी रबराचे चेंडू तयार केले आणि त्यातून कारखान्यात रबराच्या वस्तू बनू लागल्या. पुढे ज्या उद्योगाने लाखो चाके रबरावर चालवली, त्याची सुरुवात अशी घरगुती खेळण्यातून झाली.

आंद्रे यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि पॅरिसमध्ये लोखंडी बांधकामाचा व्यवसाय थाटला. एदुआर यांचा ओढा चित्रकलेकडे होता. कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर ते पॅरिसच्या एकोल दे बोझ-आर या कलाशाळेत दाखल झाले आणि विल्यम-अदोल्फ बुगरो या त्या काळातील नामवंत चित्रकाराच्या हाताखाली शिकले. पुढे दोघा भावांनी प्लेयेल या पियानो बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख ओग्युस्त वोल्फ यांच्या मुलींशी विवाह केला.

आजोबांच्या निधनानंतर क्लेरमाँच्या कारखान्याला उतरती कळा लागली. १८८६ मध्ये प्रथम आंद्रे यांनी त्यात लक्ष घातले. परंतु त्यांचा पॅरिसमधील व्यवसाय मोठा होता आणि दोन्हीकडे पाहणे त्यांना शक्य नव्हते. त्यामुळे एदुआर यांनी कुंचला बाजूला ठेवून कारखान्याची सूत्रे स्वीकारली. २८ मे १८८९ रोजी ‘मिशेलिन आणि कंपनी’ ची रीतसर स्थापना झाली. त्या वेळी एदुआर तीस वर्षांचेही नव्हते आणि रबराच्या धंद्याची त्यांना फारशी माहिती नव्हती. कारखान्याच्या त्या वेळच्या मालात घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी वापरल्या जाणाऱ्या रबरी पट्ट्यांचा समावेश होता. या पट्ट्या आवाज करीत नसत, म्हणून त्यांची विक्री बरी होती.

चिकटवलेला टायर

हवा भरलेल्या टायरची कल्पना स्कॉटिश अभियंता रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच पेटंट केली होती. मात्र त्या वेळी सायकलच प्रचारात नव्हती, त्यामुळे ती विस्मृतीत गेली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला बसणारे धक्के कमी करणे, हा त्यांचा साधा हेतू होता. भरीव रबराच्या तुलनेत हवेचा टायर वेगवान आणि सुखकर ठरला, हे सायकलींच्या शर्यतींमधून लवकरच दिसून आले.

त्यात एक मोठी उणीव होती. डनलॉप यांच्या आरंभीच्या रचनेत रबराची नळी कॅनव्हासमध्ये गुंडाळून ती धावेला चिकटवलेली असे. टायर हा चाकाचाच एक भाग होता. तो वेगळा होत नसे. त्या काळी रस्त्यांवर घोड्यांच्या नालांचे आणि बुटांचे खिळे विखुरलेले असत. खिळा घुसला की स्वाराला सायकल कारागिराकडे नेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

एदुआर यांनी कारखाना हाती घेतल्यानंतर थोड्याच काळात असाच एक सायकलस्वार पंक्चर झालेली सायकल घेऊन त्यांच्याकडे आला. तिला डनलॉप पद्धतीचे टायर होते. कारखान्यात रबराचे जाणकार कामगार, अवजारे आणि साहित्य हाताशी असूनही टायर सोडवून दुरुस्त करण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागला. त्यानंतर डिंक सुकण्यासाठी चाक रात्रभर तसेच ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी एदुआर यांनी स्वतः ती सायकल कारखान्याच्या आवारात चालवून पाहिली. काही शे मीटर जाताच टायर पुन्हा बसला.

ही घटना कंपनीच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते, आणि तिला थोडा दंतकथेचा रंग चढला असणे शक्य आहे. तरी तिच्यातील तांत्रिक तपशील त्या काळाशी जुळतो. एदुआर यांनी काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. एवढ्या खटाटोपानंतर टायर पुन्हा बसला, म्हणून हवेचा टायर निरुपयोगी, असे त्यांना वाटले नाही. त्या थोड्या अंतरात चाक किती हलके धावले, हे त्यांनी अनुभवले होते. दोष हवेत नसून डिंकात आहे, हे त्यांनी ओळखले. टायर पंक्चर होणारच. तेव्हा तो पंक्चर होऊ नये यासाठी झटण्यापेक्षा पंक्चर झाल्यावर स्वाराला तो स्वतः सोडवता यावा, या दिशेने त्यांनी विचार केला.

सुटा टायर आणि १८९१ ची शर्यत

भावांनी तयार केलेल्या रचनेत हवा धरणारी ट्यूब आणि रस्त्याला लागणारे जाड आवरण हे दोन वेगळे भाग होते. आवरण डिंकाऐवजी धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू यांच्या साहाय्याने धावेवर आवळलेले असे. स्क्रू सैल केले की आवरण निघे, ट्यूब बाहेर येई, तिला ठिगळ लावून सर्व पूर्ववत बसवता येई. या कामाला सुमारे पंधरा मिनिटे लागत. तीन तास आणि एक रात्र यांच्याशी तुलना केल्यास हा फरक लक्षात येतो. पुढच्याच वर्षी रचनेत सुधारणा करून हा वेळ आणखी कमी करण्यात आला.

या टायरची पहिली मोठी परीक्षा सप्टेंबर १८९१ मध्ये झाली. ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राचे संपादक पिएर जिफार यांनी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याची सुमारे १,२०० किलोमीटरची सायकल शर्यत जाहीर केली. आरंभापासून अखेरपर्यंत एकच सायकल वापरण्याचे बंधन असल्यामुळे वाटेत टायर दुरुस्त करता येणे हा निर्णायक मुद्दा ठरणार होता. दोनशेहून अधिक स्पर्धकांत शार्ल तेराँ मिशेलिनच्या सुट्या टायरवर, तर त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी जिएल-लाव्हाल डनलॉप टायरवर धावत होते. बराच काळ जिएल-लाव्हाल पुढे होते. तेराँ यांचे टायर वाटेत पंक्चर झाले, पण ते दुरुस्त करून पुढे निघत राहिले. अखेर जिएल-लाव्हाल विश्रांती घेत असताना रात्री तेराँ त्यांना मागे टाकून गेले. तेराँ यांनी ७१ तास २२ मिनिटांत शर्यत जिंकली; जिएल-लाव्हाल कित्येक तास मागे होते. या विजयाचे श्रेय टायरइतकेच न झोपता सायकल चालवण्याच्या तेराँ यांच्या क्षमतेलाही दिले पाहिजे. जाहिरातींत अर्थातच टायरचेच नाव पुढे आले.

१८९२ मध्ये बंधूंनी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ अशी स्वतःचीच शर्यत भरवली. पंक्चर काढणे किती सोपे आहे हे लोकांना प्रत्यक्ष दिसावे म्हणून मार्गावर मुद्दाम खिळे टाकण्यात आले होते, असे सांगतात. आपल्या मालाचा दोष लपवण्याऐवजी तो चारचौघांत दाखवून त्यावरील उपाय विकणे, ही या भावांची विक्रीकला होती. ही शर्यत आँरी फारमाँ यांनी जिंकली. हेच फारमाँ पुढे विमानविद्येत प्रसिद्धीस आले.

मोटारगाडीचे टायर

सायकलीचे वजन पेलणारा हवेचा टायर मोटारगाडीचे वजन पेलू शकेल, यावर त्या काळी फारसा कुणाचा विश्वास नव्हता. जून १८९५ मधील पॅरिस–बोर्दो–पॅरिस या शर्यतीत हवेच्या टायरवर आपली गाडी उतरवण्यास कोणी निर्माता तयार होईना. तेव्हा मिशेलिन बंधूंनी ‘लेक्लेर’ नावाची गाडी स्वतः सज्ज केली आणि स्वतःच चालवली. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ वीज असा होतो. मात्र तिचा वेग विजेचा नव्हता. वाटेत टायर वारंवार फुटले आणि दोघा भावांना ते पुन्हा पुन्हा बदलावे लागले. भरीव रबराच्या धावा असलेल्या गाडीतून एमिल लव्हासोर हे ४८ तास ४८ मिनिटांत पॅरिसला परतले. मिशेलिन बंधू त्यांच्यानंतर फार उशिरा पोहोचले. तरीही १,१०० किलोमीटरहून अधिक अंतर हवेवर कापून मोटारगाडी परत आली, हे लोकांनी पाहिले. २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय जनात्झी यांनी ‘ला जामे काँतांत’ या विजेवर चालणाऱ्या गाडीतून ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला, तेव्हा तिच्या चाकांवर मिशेलिनचे टायर होते.

कंपनीचे प्रसिद्ध चिन्ह बिबेंडम याचा जन्मही याच काळातील आहे. १८९४ च्या ल्यों येथील प्रदर्शनात एकावर एक रचलेले टायर पाहून एदुआर यांना त्यात माणसाची आकृती दिसली. पुढे १८९८ मध्ये ओ’गालो या टोपणनावाने काम करणारे चित्रकार मारियुस रोसियों यांनी ती आकृती जाहिरातीच्या चित्रात उतरवली. बिबेंडम हे नाव होरेस या रोमन कवीच्या एका ओळीतून आलेले आहे. चित्रकला सोडून दिलेल्या उद्योजकाची नजर चित्रकाराचीच राहिली होती, एवढे यावरून म्हणता येते.

चालकाला शिकवणे

सुटा टायर विकला म्हणजे काम संपत नव्हते. तो बसवताना ट्यूब चिमटली, हवा कमी भरली किंवा आवरणाची कड नीट बसली नाही, तर दोष टायरच्या माथी येई. म्हणून मिशेलिन बंधूंनी ग्राहकाला शिकवण्याचे काम अंगावर घेतले. यातील लेखनाची बाजू मुख्यतः आंद्रे यांची होती. एदुआर क्लेरमाँमध्ये कारखाना सांभाळत आणि आंद्रे पॅरिसमधून प्रसिद्धी पाहत. आंद्रे वृत्तपत्रात सोमवारचे म्हणून ओळखले जाणारे सदर चालवीत. त्यात टायरची निगा, हवेचा दाब आणि टायर बसवण्याच्या युक्त्या यांची चर्चा असे.

ऑगस्ट १९०० मध्ये कंपनीने वाहनचालकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली आणि तिच्या सुमारे ३५,००० प्रती विनामूल्य वाटल्या. त्या वेळी संपूर्ण फ्रान्समध्ये ३,००० मोटारगाड्याही नव्हत्या. आज हे पुस्तक उपाहारगृहांना दिल्या जाणाऱ्या ताऱ्यांसाठी जगभर ओळखले जाते. पण तारे देण्यास १९२६ मध्ये सुरुवात झाली. पहिल्या आवृत्तीत टायर कसा काढावा, दुरुस्त करावा आणि बसवावा याच्या सूचना होत्या, आणि त्यांच्यासोबत गाडी दुरुस्त करणारे, पेट्रोल विकणारे व मुक्कामाची ठिकाणे यांच्या याद्या होत्या. भोजनाचे परीक्षण करणाऱ्या या ग्रंथाचे मूळ अशा रीतीने पंक्चर काढण्याच्या माहितीपत्रकात आहे.

सुटी रिम आणि स्टेपनी

मोटारगाड्यांचे टायर जसजसे जाड आणि घट्ट होत गेले, तसतसे ते रस्त्यावर हाताने बदलणे कष्टाचे झाले. यावर दोन दिशांनी उपाय निघाले. १९०४ मध्ये वेल्समधील लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी हवा भरलेले जादा चाक गाडीसोबत बाळगण्याची सोय केली. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून त्या चाकाला स्टेपनी हे नाव मिळाले. इंग्लंडमध्ये हा शब्द जवळजवळ विसरला गेला. मराठीसह अनेक भारतीय भाषांत मात्र जादा चाकाला आजही स्टेपनीच म्हणतात.

दुसरा उपाय मिशेलिन यांचा. टायर आधीच बसवून हवा भरलेली सुटी रिम चाकावर नटांनी जखडायची, आणि टायर गेला की रिमसकट बदलायची, अशी ही रचना होती. जून १९०६ मध्ये ल माँ येथे झालेल्या पहिल्या फ्रेंच ग्राँ प्रीमध्ये तिचा उपयोग झाला. शर्यतीच्या नियमानुसार वाटेत गाडीला हात लावण्याची परवानगी केवळ चालक आणि त्याच्यासोबतचा मेकॅनिक यांनाच होती. इतर गाड्यांना जुना टायर सुरीने कापून नवा चढवावा लागे आणि त्यात पंधरा मिनिटे जात. सुट्या रिममुळे हे काम चार मिनिटांच्या आत होई. अतिशय उष्ण हवेत, डांबर वितळलेल्या रस्त्यावर टायर सतत फुटत होते. सुट्या रिम वापरणारे रेनोचे चालक फेरेंक सिस विजयी झाले.

कारखाना, कामगार आणि मळे

टायरच्या धंद्याबरोबर क्लेरमाँ-फेराँ हे शहरही वाढले. एदुआर यांनी १९०९ पासून कामगारांसाठी घरे बांधण्यास सुरुवात केली. पुढे शाळा, दवाखाने, दुकाने आणि मोठ्या कुटुंबांसाठी भत्ते अशी व्यवस्था उभी राहिली. समर्थकांच्या मते ही त्या काळाच्या पुढची कल्याणकारी दृष्टी होती. टीकाकारांच्या मते कामगाराचा जन्म, शिक्षण, घर आणि बाजार हे सर्व मालकाच्या हाती देणारी ती व्यवस्था होती. एदुआर स्वतः साधे राहत आणि प्रसिद्धीपासून दूर राहत. कारखान्यातील गुपिते बाहेर जाऊ नयेत याबद्दल ते अत्यंत दक्ष असत, आणि ही गुप्ततेची परंपरा त्यांच्यानंतरही दीर्घकाळ टिकली.

रबराचा पुरवठा हाती असावा म्हणून कंपनीने १९२० च्या दशकात फ्रेंच इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या दक्षिण भागात, रबराचे मळे घेतले. दाऊ तिएंग आणि फू रिएंग येथील या मळ्यांवर उत्तरेकडून करारावर आणलेले मजूर काम करीत. मलेरिया, अपुरे अन्न आणि मुकादमांची मारहाण यांमुळे तेथील परिस्थिती भीषण होती. १९३० च्या आरंभी फू रिएंग येथील मजुरांनी त्रान तू बिन्ह यांच्या नेतृत्वाखाली संप केला. व्हिएतनामच्या कामगार चळवळीच्या इतिहासात या संपाला मानाचे स्थान आहे. कंपनीच्या गौरवपर लेखनात या मळ्यांचा उल्लेख सहसा ओझरता येतो. क्लेरमाँमधील घरे आणि शाळा यांच्याविषयी लिहिताना तो टाळणे योग्य होणार नाही. दोन्ही एकाच उद्योगाची अंगे होती.

पहिल्या महायुद्धात कंपनीने ब्रेगे बनावटीची विमाने तयार केली. पहिली शंभर विमाने सरकारला विनामूल्य देण्याचे बंधूंनी मान्य केले होते. या विमानांच्या चाचणीसाठी १९१६ मध्ये ओल्ना येथे काँक्रीटची धावपट्टी बांधण्यात आली.

अखेरची वर्षे

युद्धानंतर एदुआर यांच्या नेतृत्वाखाली कमी दाबाचे मोटारटायर (१९२३) आणि रुळांवर रबरी चाकांनी धावणारे ‘मिशलीन’ हे डबे अशी नवी उत्पादने आली. १९३४ च्या अखेरीस सित्रोएन ही मोटार कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा तिचे सर्वांत मोठे धनको म्हणून मिशेलिन यांनी ती ताब्यात घेतली.

घरात मात्र एकामागून एक आघात झाले. ४ एप्रिल १९३१ रोजी आंद्रे यांचे निधन झाले. कारखान्याचे वारस म्हणून तयार होत असलेले एदुआर यांचे पुत्र एतिएन ऑगस्ट १९३२ मध्ये क्लेरमाँजवळ विमान अपघातात मरण पावले. दुसरे पुत्र पिएर यांच्याकडे सित्रोएनची जबाबदारी होती. डिसेंबर १९३७ मध्ये माँतार्जीजवळ मोटार अपघातात त्यांचाही मृत्यू झाला. वयाच्या ७८ व्या वर्षी एदुआर यांच्यापुढे वारसाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. त्यांनी जावई रोबेर प्विझ्यो आणि पिएर-ज्यूल बुलांजे यांच्यावर कारभार सोपवला. जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पराभूत झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी, २५ ऑगस्ट रोजी, क्लेरमाँजवळील ऑर्सीन येथे एदुआर यांचे निधन झाले.

एतिएन यांचे पुत्र फ्राँस्वा यांनी १९५५ पासून १९९९ पर्यंत कंपनीचे नेतृत्व केले. फ्राँस्वा यांचे पुत्र एदुआर (१९६३–२००६) हेही कंपनीचे प्रमुख होते. पणजोबा आणि पणतू यांचे नाव एकच असल्यामुळे संदर्भ पाहताना गल्लत होण्याची शक्यता असते.

मोटारसायकलच्या टायरमधील वारसा

१८९१ ची स्क्रूने आवळण्याची मिशेलिन पद्धत फार काळ टिकली नाही. तिच्या आसपासच, १८९० मध्ये, ब्रिटनमध्ये दोन प्रतिस्पर्धी रचनांची पेटंटे निघाली होती. विल्यम बार्टलेट यांच्या रचनेत टायरची जाड कड रिमच्या आत वळलेल्या ओठाखाली अडकत असे. चार्ल्स वेल्च यांच्या रचनेत टायरच्या दोन्ही कडांत न ताणली जाणारी तार असे. आरंभीच्या मोटारसायकलींवर पहिला प्रकार सर्रास वापरला गेला. तिच्यात कड केवळ हवेच्या दाबाने जागेवर राहत असल्यामुळे धावत्या गाडीचे चाक पंक्चर झाले तर टायर रिम सोडून बाहेर येण्याचा धोका होता. १९२० च्या दशकात तिची जागा तारेच्या कडेच्या टायरने घेतली. आजच्या मोटारसायकलचा टायर याच वंशातील आहे. मिशेलिन यांच्याकडून आलेला वारसा यंत्रणेचा नसून तत्त्वाचा आहे : ट्यूब वेगळी, आवरण वेगळे, आणि दोन्ही हाताच्या अवजारांनी सुटणारे.

तारेची कड ताणली जात नाही, आणि रिमचा काठ तिच्यापेक्षा मोठा असतो. तरीही टायर निघतो, याचे कारण रिमच्या मधोमध असलेला खोलगट भाग. त्याचा व्यास काठाहून कमी असतो. टायरची एक बाजू गुडघ्याने किंवा टाचेने दाबून या खोबणीत उतरवली की समोरच्या बाजूस तेवढी ढील मिळते आणि तेथून कड लिव्हरने काठावर घेता येते. घरी टायर काढणाऱ्या नवख्या माणसाची बहुतेक फजिती येथेच होते. समोरची कड खोबणीत न उतरवता तो लांब लिव्हर लावून जोर करतो. मग तार वाकते, रिमला खाच पडते किंवा ट्यूब चिमटून फाटते. टायर योग्य रीतीने निघत असेल तर फार ताकद लागत नाही, आणि फार ताकद लागत असेल तर समोरची कड वर चढलेली असते.

म्हणून कामाचा क्रम ठरून गेला आहे. चाक गाडीतून काढल्यावर व्हॉल्व्हच्या आतली पिन काढून हवा पूर्णपणे सोडतात आणि दोन्ही बाजूंची कड रिमपासून सोडवतात. कडेला साबणाचे पाणी लावून लिव्हर थोड्या थोड्या अंतरावर लावतात. एका बाजूची कड बाहेर आली की ट्यूब निघते. केवळ पंक्चर काढायचे असल्यास दुसरी बाजू सोडवावी लागत नाही. ट्यूबला भोक पाडणारा खिळा किंवा काच आवरणात तशीच राहिलेली असू शकते, त्यामुळे आवरण आतून जपून चाचपून पाहतात. बसवताना टायरवरील बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ठेवतात. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती थोडी हवा भरतात, म्हणजे ती लिव्हरखाली येत नाही. कडेचा शेवटचा भाग व्हॉल्व्हजवळ येईल अशा बेताने काम संपवतात. व्हॉल्व्हपाशी ट्यूब जाड असल्याने तेथे कड खोबणीत सहज उतरत नाही, म्हणून ती जागा समोरच्या बाजूस आल्यास ढील मिळत नाही. हवा भरल्यावर टायरच्या बाजूवरील बारीक रेषा रिमच्या काठापासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली, की टायर नीट बसला असे समजतात.

ट्यूबलेस टायरमुळे या कामाचे स्वरूप पालटले. त्यात लहान भोक बाहेरूनच रबराची दोरी घालून बुजवता येते आणि चाक काढावे लागत नाही. टायर बदलण्याची वेळ आल्यास मात्र काम अधिक जड जाते, कारण हवा टिकावी म्हणून त्याची कड रिमवर फार घट्ट बसवलेली असते. ती सोडवण्यासाठी दाबयंत्र लागते आणि पुन्हा बसवण्यासाठी एकदम जोरात हवा भरावी लागते; साध्या हातपंपाने ते साधत नाही. तारांच्या चाकांत प्रत्येक तारेपाशी रिमला भोक असते, त्यामुळे अशा चाकांच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये आजही ट्यूबच वापरली जाते, आणि लांबच्या प्रवासाला निघणारे स्वार दोन लिव्हर, जादा ट्यूब, ठिगळ, सोल्युशन आणि पंप सोबत बाळगतात.